तळ्याच्या कामावरची सुखडी

आम्ही तळ्याच्या कामावरची माणसं कारंज्याच्या स्टँडवर कधी भेटलो, की एखादी एसटी तरी हमखास चुकते. कोणीतरी म्हणतं, "त्या सालचं आठवते काय?" आणि दुसरा हातातली पिशवी खाली ठेवतो. साल वाईट होतं. विहिरींचे तळ दिसत होते, चुली दिवसाआड पेटत होत्या. पण त्यातून निभावलो, म्हणून आता हसता येतं. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याला लटकून आणखी तीन येतात.

मी कामरगावच्या शाळेत मास्तर. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली आणि मला दुष्काळी कामावर धाडलं. गावाबाहेर तळं खोदणं चालू होतं. मजुरांना दुपारी खायला सुखडी द्यायची आणि आठवड्याचं धान्य वाटायचं, हे माझ्याकडे.

* * *

आमचे साहेब पुण्याकडचे. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी पूर्व सीमेवरच्या निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी धान्य वाटलेलं. त्या अनुभवावरच त्यांना इकडे पाठवलं होतं.

पहिल्याच दिवशी बायांनी त्यांना घेरलं. "काहून जी, आमाले कायले उन्हात उभं केलं? वाटून नाई राह्यले तं घरी जाऊ द्या ना." साहेब अर्धा तास ऐकत उभे. मग हळूच मला म्हणाले, "मास्तर, तिथलं काम सोपं होतं हो. लोक रागावले तरी मला एक अक्षर कळायचं नाही."

* * *

मग परदेशातली लाल ज्वारी आली. मिलो म्हणत तिला. कोणी हात लावेना. घोड्याचं खाणं आहे म्हणे, खाल्लं की माणूस लाल होतो म्हणे. घरात दाणा नाही, तरी लोक रिकाम्या पिशव्या घेऊन परत जायला निघाले.

सखूबाई आमच्याकडे सुखडीवर होती. बौद्धपुऱ्यातली, चाळिशीची, कमी बोलणारी. तिने मिलोचं पीठ दळून आणलं. पहिली भाकर तुकडे होऊन पडली. तिने पिठात उकळतं पाणी घातलं, जोर लावून मळलं आणि दुसरी अख्खी उतरवली.

साहेबांनी सगळ्यांसमोर ती भाकर मिरचीसंगं खाल्ली, शेवटच्या घासापर्यंत. मे महिन्याची दुपार, डोक्यावर टोपी नाही, तोंडात मिरची. मागून एक म्हातारी म्हणाली, "पाह्य वं, होऊन राह्यला लाल."

हसण्याची लाट उसळली आणि त्या हसण्यातच लोकांनी पिशव्या उघडल्या. मी देवाला मानत नाही, पण त्या दिवशी हात जोडावेसे वाटले.

* * *

गुलाबभाईचा ट्रक हा एक वेगळाच अध्याय. तो कारंज्याच्या गोदामातून माल आणायचा. एकदा तीन दिवस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आमची सुखडी संपली. तिसऱ्या दिवशी दोन बाया कामावर चक्कर येऊन पडल्या. साहेब रस्त्याकडे बघत नुसते येरझाऱ्या घालत होते.

संध्याकाळी बैलगाड्यांची ओळ दिसली. पुढच्या गाडीवर गुलाबभाई. ट्रकचा ॲक्सल वाटेतल्या गावाजवळ तुटला होता. तिथल्या लोकांनी आधी पोत्यांना पहारा दिला, मग गाड्या जुंपल्या. त्यांच्याही घरी काही भरलेलं नव्हतं. गुलाबभाई उतरला आणि म्हणाला, "मास्तर, एक दाना इधर का उधर नहीं हुआ. मोजून घ्या."

मी मोजलं. पोती कमी नव्हती, एक जास्त होतं. सखूबाईने ते उघडून आत हात घातला, वास घेतला. "मास्तर, हे सुखडी काई वेगळीच हाये."

तेवढ्यात एक गाडीवाला ओरडत आला. "अवं बाई, ते माह्या बैलाची सरकी हाये!"

* * *

सुखडी म्हणजे भाजलेलं पीठ, शेंगदाणा आणि गूळ. पोत्यांतून कोरडी यायची, सखूबाई पाण्याचा हबका मारून तिचे लाडू वळायची. वरून हुकूम होता, की सुखडी कामावरच खायची, घरी न्यायची नाही.

एकदा कौसाबाईच्या पदरात लाडू सापडला. साहेबांनी तो समोर खायला लावला. तिने तोंडात घातला, पण गिळेना. गाल फुगलेला, डोळ्यांत पाणी.

"गिळत का नाही?" साहेबांनी विचारलं. तिला बोलता येईना. सखूबाई म्हणाली, "तिची सासू घरी उपाशी पडून हाये, साहेब. घास तिच्यासाठी ठेवून राह्यली."

साहेबांनी हजेरीची वही मागवली. मग मला म्हणाले, "म्हातारीचं नाव कामावर लावा."

"तिले उठता येत नाई," कौसाबाई कशीबशी म्हणाली.

"पाण्याच्या माठांपाशी बसता येईल ना? पाणी राखायचं काम."

दुसऱ्या दिवशी तिची सासू, गंगाबुढी, बैलगाडीत निजून आली. आठ दिवसांत उठून बसली. पंधरा दिवसांत तिने सगळं काम ताब्यात घेतलं. कोणी पाणी सांडलं की काठी आपटायची. एकदा साहेबांनी पेला बुचकळला, तर त्यांचा हात धरला. "हात धुतले काय?" साहेब निमूट हात धुऊन आले.

कौसाबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्तर, एक इचारू? तिचं नाव कमी करता येते काय?"

* * *

आता नारायणआबांचं सांगतो. आबा वरच्या आळीतले, सत्तरीचे, शब्दाला मान असलेले. दुष्काळाने त्यांनाही घमेलं उचलायला आणलं. पण सुखडी सखूबाईच्या हातची आहे हे कळल्यावर ते रांगेत आले नाहीत. लांब बाभळीखाली पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशीही तसंच. साहेब म्हणाले, "वाढणारी बदलू का?" मी म्हणालो, "बदलली तर मीही काम सोडतो." सखूबाई ऐकत होती. लाडू वळणारे तिचे हात थांबले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आबांच्या डोक्यावरचं घमेलं पडलं आणि पाठोपाठ तेही मातीत बसले. थोड्या वेळाने उठले, अंग झटकलं आणि रांगेच्या शेवटी येऊन उभे राहिले. पुढच्यांनी वाट करून दिली, तरी पुढे गेले नाहीत.

सखूबाईने त्यांच्या हातावर लाडू ठेवला. आबांनी तो तिथेच उभ्याने संपवला. मग खाली बघत म्हणाले, "आणखी एक भेटते काय?"

"सगळ्याइले सारखंच हाये, आबा," ती म्हणाली.

पुढे पाऊस पडला, काम बंद झालं, जो तो आपल्या शेताला लागला. दोन वर्षांनी सखूबाईच्या लेकीचं लग्न निघालं. बौद्धपुऱ्यात मांडव, मी वाढायला होतो. वरच्या आळीतून कोणी येईल अशी अपेक्षाच नव्हती.

पंगती बसायच्या वेळेला आबा आले. धुतलेलं धोतर, हातात काठी. मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. सखूबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

आबा तिला म्हणाले, "सखू, रांग कुठून लागते?"