नक्कलबाई आणि चार कपाटं

नक्कलबाई कुठलीही महत्त्वाची वस्तू एका जागी ठेवत नसत. त्यांच्या घराच्या दोन किल्ल्या होत्या, एक कमरेला आणि एक शेजारणीकडे. चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद त्यांच्या थैलीत होता, तसाच माझ्या टेबलाच्या खणातही होता. आमच्या अमरावतीच्या कचेरीत त्या रुजू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो मला दिला. "राहू द्या तुमच्यापाशी, भाऊ. माहा चष्माही फुटला अन् कागदही हरवला, तं मी कोणाले इचारू?" पाठीमागे सगळे त्यांना नक्कलबाई म्हणत. हे त्यांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तोंडावर म्हना ना. नाव चांगलं हाये." तेव्हापासून आम्ही तोंडावर म्हणू लागलो.

खरं नाव सुभद्रा वानखडे. कौंडण्यपूरजवळच्या एका खेड्यातल्या. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांच्या घरात शिकायचं वारं आलं असं कोणी म्हटलं, की त्या लगेच दुरुस्ती करत. "वारं पयलेच होतं. माह्या बापानं मले त्याच्या आधीच शाळेत घातलं होतं." त्या चौथी पास झाल्या आणि त्याच साली वर्धा नदीच्या पुराचं पाणी गावच्या शाळेत शिरलं. मुलं कधी दाखल झाली, कधी पास झाली, कधी शाळा सोडली, हे सगळं ज्यात असतं त्या दाखल-खारीज रजिस्टरचा लगदा झाला. पुढच्या शाळेनं दाखला मागितला. दाखला देणार कुठून? वर्ष वाया गेलं आणि त्यांना पुन्हा चौथीला बसावं लागलं. "मी चौथी दोन खेपा पास झाली," त्या सांगत. "एक खेप माह्यासाठी, एक खेप पान्यासाठी." ऐकणारे हसत. त्या स्वतः हसत नसत.

आमची कचेरी शिक्षण खात्याची. नेमकी कुठली ते सांगत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून पेन्शन घेत आहेत. तिथे बाई एकट्याच स्त्री कारकून. त्या आल्या त्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातल्या माठातून पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्या हेडबाबूंनी स्वतःपुरती घरून सुरई आणली. सगळ्यांच्या ते लक्षात आलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाई मात्र माठाशी जाऊन आणखी एक पेला प्यायल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बरं झालं. एक मानूस कमी झाला, आता पानी पुरते." ती सुरई पुढे किती दिवस हेडबाबूंच्या टेबलावर होती ते आठवत नाही. बाईंनी तिच्याकडे परत पाहिलं नाही, एवढं आठवतं.

महाराष्ट्र झाल्यावर दोनेक वर्षांनी खात्यानं ठरवलं की जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाचं एक कार्ड करायचं आणि ती सगळी कार्डं कचेरीत एका ठिकाणी ठेवायची. त्यासाठी मुंबईहून चार पोलादी कपाटं आली. आली म्हणजे सुटे पत्रे, खण आणि स्क्रूच्या पुड्या अशा लाकडी खोक्यांतून आली. बरोबर इंग्रजीत छापलेलं एक पुस्तक होतं. जोडणारा माणूस येणार होता, तो महिनाभर आलाच नाही. साहेब रोज विचारत आणि हेडबाबू रोज "येतोच आहे" म्हणत. एका सकाळी बाईंनी पदर खोचला, पेचकस घेतला आणि जमिनीवर बसकण मारली. आमचे टायपिस्ट रशीदभाई पुस्तक वाचून सांगत, मी पत्रे धरून उभा राही.

पहिलं कपाट उभं राहायला दोन दिवस लागले आणि त्याचा एकही खण मिटेना. मी म्हटलं, "चालेल बाई, थोडं जोरानं ढकलायचं."

"आज तुमी जोरानं ढकलसान, उद्या कोनी उघडंच ठेवन," त्या म्हणाल्या आणि आख्खं कपाट पुन्हा सुटं केलं. खोट कपाटात नव्हती, फरशीत होती. एका पायाखाली त्यांनी फुटक्या पाटीचा तुकडा सरकवला, तसे खण एका बोटानं आत जाऊ लागले. उरलेली तीन कपाटं आम्ही चार दिवसांत उभी केली. तेवढ्यात साहेब आले.

साहेब पुण्याकडचे, सज्जन, पण भांडणाला घाबरणारे. त्यांना चारही कपाटं हॉलमध्ये एका ओळीत, एकमेकांना बोल्टांनी जोडून हवी होती. पुस्तकातल्या चित्रात तसंच होतं. बाई म्हणाल्या, "नाई साहेब. चार खोल्यांत चार ठेवा. अन् प्रत्येक पोराचं कार्ड दोनदा लिहा. एक या कपाटात, दुसरं त्या कपाटात. कोनतं कार्ड कोठी हाये त्याची यादी चारही कपाटांत ठेवा."

"मग ती जोडलेली कशी राहतील?"

"यादीनं. बोल्टानं तं निस्ते पत्रे जुडते."

साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "या बाई रागावल्यात का माझ्यावर?" मी म्हटलं, "नाही साहेब. खुशीत आहेत."

चार कपाटं चार खोल्यांत लागली आणि कार्डं लिहायला वर्ष गेलं. तालुक्यांच्या गावांहून रजिस्टरांचे गठ्ठे येत आणि आम्ही उतरवून घेत असू. निम्मी कार्डं झाली तेव्हा हेडबाबूंनी साहेबांसमोर तक्रार मांडली की बाई काम दुप्पट वाढवताहेत. बाईंनी वाद घातला नाही. त्या साहेबांना म्हणाल्या, "कोनत्याही एका कपाटाले कुलूप लावा अन् किल्ली खिशात टाका. मंग पायजे त्या पोराचं कार्ड मागा." साहेबांना गंमत वाटली. त्यांनी दोन नंबरच्या कपाटाला कुलूप घातलं आणि त्याच कपाटातलं म्हणून दर्यापूरकडच्या एका मुलाचं नाव सांगितलं. बाईंनी पहिल्या कपाटातली यादी पाहिली, मागच्या खोलीत गेल्या आणि साहेबांचा चहा निवायच्या आत कार्ड त्यांच्या हातात दिलं. साहेब कितीतरी वेळ ते उलटून पालटून पाहत होते. "एकच नक्कल हाये म्हंजे नक्कलच नाई, साहेब," बाई म्हणाल्या.

तरी पुढच्या महिन्यात हुकूम निघाला. दुसरी कार्डं लिहिणं बंद. वरून कार्डांचा हिशेब विचारला असेल किंवा हेडबाबू जिंकले असतील. बाईंनी हुकमावर सही केली. सहीखाली लिहिलं, "वाचले." मान्य केले असं लिहिलं नाही. मग त्या वापरून झालेल्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर, मधल्या सुट्टीत, भाकर खाऊन झाल्यावर, उरलेल्या नकला लिहू लागल्या. मला हे दिसत होतं. मी बोललो नाही आणि हातही लावला नाही. मला तेव्हा दोन मुलं होती, आणि नोकरी जाईल ही भीती मी त्यांच्या नावावर खपवत असे.

मोर्शीकडच्या एका गावात शाळेवर मास्तरणीची जागा निघाली तेव्हा ही गोष्ट उजेडात आली. अर्ज दोन होते. एक गावातल्या मोठ्या संत्रा-बागाईतदाराच्या भाचीचा आणि दुसरा त्याच्याच बागेत निंदायला जाणाऱ्या बाईच्या मुलीचा. मुलीचं नाव कमल. ती सातवी पास होती, भाचीपेक्षा चांगल्या गुणांनी. पण तिचा दाखला घरात कुठेसा गहाळ झाला होता आणि शाळेच्या रजिस्टरातलं नेमकं तेच पान फाटलेलं निघालं. बागाईतदार म्हणाला, ही पोरगी शाळेत कधी गेलीच नाही, कायम माझ्या बागेत होती. मग कचेरीतलं कार्ड पाहायचं ठरलं. हेडबाबूंनी तीन नंबरचं कपाट उघडलं. तिथे कार्ड नव्हतं. त्याच्या आधीचं होतं, नंतरचं होतं. मधलं कोणी काढलं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

साहेबांच्या खोलीत बागाईतदार खुर्चीवर बसला होता. कमल आणि तिची आई भिंतीशी उभ्या होत्या. हेडबाबू म्हणाले, "कार्ड नाही. म्हणजे ही शाळेत नव्हती. विषय संपला." कमल म्हणाली, "मी होती. मले सातवीत शंभर कविता पाठ होत्या. आत्ता म्हनू का?" बागाईतदार हसला.

मी दारात उभा होतो. बाई उठल्या आणि माझ्या शेजारून मागच्या खोलीत गेल्या. त्या काय करायला निघाल्यात ते मला कळलं. हुकूम मोडल्याचा पुरावा त्या स्वतःच्या हातानं साहेबांसमोर ठेवणार होत्या. मी हळूच म्हटलं, "बाई, नोकरी जाईल."

"तिची तं लागलीच नाई अजून," त्या म्हणाल्या.

त्यांनी चौथ्या कपाटातून तो फॉर्म आणला. पुढच्या बाजूला जुना छापील मजकूर, पाठीवर बाईंच्या गोल अक्षरात कमलचं नाव, जन्मतारीख, सातवी पास झाल्याचा शेरा आणि ज्या पानावरून उतरवलं त्या पानाचा नंबर. फाटलेलं पान तेच होतं. खाली नक्कल केल्याची तारीख होती, जागा निघायच्या कितीतरी आधीची. साहेबांनी ते दोनदा वाचलं. बागाईतदारानं पाहायला हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "पाहा, पन साहेबाच्या हातातूनच पाहा."

त्या दिवशी साहेब घाबरले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. कमल लागली. पण हुकूम मोडल्याबद्दल बाईंकडे लेखी खुलासा मागितला गेला. हेडबाबूंनी निरोप दिला की चूक झाली एवढं लिहिलं तर प्रकरण मिटेल. बाईंनी लिहिलं, "हुकूम वाचून, समजून मोडला आहे. चूक झालेली नाही." रशीदभाईंनी ते टाइप करताना एक शब्द मऊ करायचा प्रयत्न केला. बाईंनी कागद फाडायला लावला आणि पुन्हा टाइप करून घेतला.

त्यांची बदली वाशीमकडे झाली. जाताना त्या अकोल्याला जठारपेठेत आमच्या मूळ घरी एक दिवस राहिल्या; मीही सोबत गेलो होतो. माझ्या आईनं त्यांना आपल्या शेजारी जेवायला बसवलं आणि विचारलं, "एवढं सगळं काहून केलं, बाई? तुमची ना ओळख ना पाळख." बाई म्हणाल्या, "आत्याबाई, त्या पोरीले परत सातवीत बसवलं असतं तं मले झोप आली नसती." एवढंच. मग दोघी लोणच्याबद्दल बोलत राहिल्या.

त्या वाशीमला गेल्यावर दुसऱ्या नकला बंद पडल्या. कोणी बंद केल्या असं नाही. लिहिणारं कोणी नव्हतं. दोन वर्षांनी वाशीमहून पोस्टकार्ड आलं की बाई तापानं गेल्या. रशीदभाईंनी ते मोठ्यानं वाचलं. दुपारपर्यंत कचेरीतली कामं नेहमीसारखी चालली. मधल्या सुट्टीत रशीदभाईंनी रद्दीतून फॉर्मांचा गठ्ठा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मी मोर्शी तालुक्याचा खण ओढून आणला. तोच अर्धवट राहिला होता.

आठवडाभर आम्ही रोज लिहीत होतो. मग एके दिवशी हेडबाबू आमच्यासमोर येऊन उभे राहिले. "हा हुकूम कोणाचा?"

"कोणाचा नाही," मी म्हटलं. हेडबाबूंना असं उत्तर मी अख्ख्या नोकरीत दिलं नव्हतं. माझा हात लिहितच होता.

"मेमो काढीन."

"दोन काढावे लागतील, बाबूजी," रशीदभाई मान वर न करता म्हणाले. "आम्ही दोघं आहोत."

त्यांनी एकही काढला नाही. मोर्शी तालुका आम्ही दिवाळीच्या आत पुरा केला.