डायरेक्ट केलेली बॅटरी

“मॅडमास्नी कशाला इचारताय? त्या इंग्लिशमदी तासभर समजावत बसतील. डायरेक्ट करून टाका.”

मी वरच्या केबिनमधून जिना उतरत होते. बोलत होते संजूदादा, आमच्या वर्कशॉपचे मालक. ऐकत होते तानाजीमामा, आमचे सगळ्यात जुने मिस्त्री. मॅडम म्हणजे मी. गाड्यांचं वायरिंग बघणं हे माझं काम.

आमच्या उद्यमनगरात, या कारखान्यांच्या वस्तीत, ‘डायरेक्ट’ म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. पंप असो, लेथ असो, गाडी असो. मधला फ्यूज किंवा स्विच नडला की तो काढायचा आणि वायर थेट जोडायची. काम चालू होतं. गिऱ्हाईक खूश होतं.

समोर उभी होती आमचे गिऱ्हाईक अभिजितराव यांची दोन सीटची स्पोर्ट्स कार. अशा गाडीत वजन कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे बॅटरी. मूळची बॅटरी शिशाची, भरलेल्या कळशीइतकी जड, आणि बसवलेली पार पुढे, नाकावर. वळणावर हेच वजन गाडीला बाहेर ओढतं. आम्ही तिच्या जागी लिथियमची बॅटरी घेतली. ती एका हातात उचलता येते. ती ड्रायव्हरशेजारच्या सीटमागे बसवली आणि तिथून इंजिनपर्यंत एक जाड केबल नेली.

या केबलमध्ये धोका असतो. गाडीची सगळी बॉडी म्हणजे बॅटरीची मायनस बाजू. प्लसच्या केबलचं आवरण कुठे फाटलं आणि आतलं तांबं बॉडीला टेकलं, तर बॅटरीतला सगळा करंट तिथून धावतो. केबल तापून लाल होते. तिच्यावर कार्पेट असतं, कार्पेटवर माणसाचे पाय असतात. म्हणून बॅटरीला अगदी लागून एक फ्यूज बसवतात. काही बिघडलं की आधी तो जळतो, बाकीचं वाचतं. तो फ्यूज मी स्वतः बसवला होता. आणि त्या दिवशी सकाळी तो उडाला होता.

“दादा, फ्यूज का उडाला ते बघायला पाहिजे,” मी म्हणाले.

“उडला की. कच्चा असंल,” दादा मोबाईल बघत म्हणाले.

“नवीन होता. आणि गाडी तर बंद होती.”

“मॅडम, पावणं दारात हाईत. नंतर बघू.”

मी तानाजीमामांकडे वळले. “मामा, उडाला तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“मी काय करतोय? आतलं बसवत हुतो,” ते म्हणाले आणि पाना पुसायला लागले.

मी दादांना पुन्हा सांगितलं, फ्यूजशिवाय गाडी देऊ नका. या वेळी त्यांनी नुसता हात हलवला, माशी उडवतात तसा, आणि मामांनी फ्यूज काढून वायर थेट जोडली. माझा आवाज लहान आहे. शाळेत बाई मला मागच्या बाकावरून पुढे बोलवायच्या, तरी ऐकू यायचं नाही. पण त्या दिवशी आवाज लहान होता म्हणून त्यांनी ऐकलं नाही, असं नव्हतं.

दारात अभिजितराव आईंना घेऊन आले होते. आमच्याकडे गाडीचं मोठं काम झालं की पहिली फेरी देवाला, आणि शेजारी आई. त्यांना जोतिबाला जायचं होतं. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. नऊवारीतल्या आई दार धरून आत बसल्या.

“आभ्या, ही गाडी हाय का पाट रं? आणि पाय कुठं ठेवू? गुडघं दाताला लागाय लागल्यात. शीट मागं घे.”

“मामा, घ्या की जरा,” अभिजितराव स्टिअरिंगमागून म्हणाले.

तानाजीमामा वाकले. सीटखालच्या खटक्याला हात घालत ते म्हणाले, “जरा जोर लावाय लागतोय. सकाळी बी मागं घेतानाच अडकत हुतं.”

सकाळी. सीट मागे घेताना. फ्यूज उडाला तेव्हाच.

मी धावत जाऊन मामांचं मनगट धरलं आणि बाहेर ओढलं. दुसऱ्या हातानं आईंचा दंड धरला. आई माझ्याकडे बघत राहिल्या, पण उतरल्या. अभिजितराव ओरडत होते. मी टूल ट्रॉलीतून दहाचा पाना घेतला, आत वाकून बॅटरीची मायनस वायर सोडवली आणि कार्पेट उचललं.

मी केबल दाराच्या उंबऱ्यातून नेली होती. उंबऱ्यावरची पट्टी नीट बसेना, म्हणून कुणीतरी केबल तिथून काढून सीटच्या रुळावरून नेली होती. सीट मागे सरकली की सीटची लोखंडी कड केबलवर बसायची. आवरण कापलेलं होतं. आत तांबं चमकत होतं, बरोबर आईंच्या पायांखाली.

आईंनी वाकून पाहिलं आणि पदर घट्ट ओढून घेतला.

फ्यूज उडतो तो काहीतरी सांगायला. त्याला काढून टाकलं की बिघाड जात नाही, फक्त सांगणारा जातो. त्या दिवशी आई जोतिबाला भाड्याच्या गाडीतून गेल्या. नवी केबल मी उंबऱ्यातूनच नेली आणि फ्यूज बसवूनच गाडी दिली.

पण हे नंतरचं. त्या वेळी पहिल्यांदा बोलले ते संजूदादा. अभिजितरावांना ऐकू जाईल अशा बेतानं, हसत हसत म्हणाले, “काय मॅडम, हे आधी सांगायचं न्हाय व्हय?”

पाना माझ्या हातातच होता. शेजारच्या शेडमधला लेथ चालू होता. तरी त्यावरून माझं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

“सांगितलं होतं, दादा. दोनदा. तुम्ही हात हलवलात. आता तिसऱ्यांदा मोठ्यानं सांगते. या बॅटरीला मला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा.”