दुकानाची पायरी ट्रकला लागली

गेल्या रविवारी सकाळी हुबळीत, आमच्या दाजीबानपेठेच्या तोंडाशी आर्मीचा एक जुना ट्रक उभा होता... मोरपंखी रंगाचा. आणि तो आमचा होता.

आमचं कापडाचं दुकान. ट्रकशी संबंध एवढाच, की त्यातून मालाचे गठ्ठे यायचे. पण सैन्याने काढून टाकलेल्या गाड्या लिलावात मिळतात आणि लोक त्यांची फिरती घरं करतात, हे माझ्या नवऱ्याला, विनायकला, कुठूनतरी कळलं. झालं... त्यानं एक ट्रक घेतला, आणि तेव्हापासून सुट्टीचा दिवस उजाडला की स्वारी बायपासजवळ, बसूअण्णांच्या ट्रकच्या बॉड्या बांधायच्या शेडमध्ये.

सैन्याचा हिरवा रंग आपल्या गाडीला ठेवता येत नाही हे समजलं, तेव्हा तो नीट जेवलासुद्धा नाही. शेवटी सासूबाईंनी कपाटातून खणाचा एक तुकडा काढून दिला आणि पेंटरला हाच रंग द्यायला सांगितलं. कापडवाल्यांच्या घरात शेड कार्ड कोण बघतं!

सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्यांना ट्रकचं कौतुक खूप, पण त्यातून कुठे जायचा विषय निघाला की त्या गुडघेदुखी पुढे करायच्या. कित्येक वर्षं त्या हुबळीबाहेर पडल्या नव्हत्या.

त्यांची धाकटी बहीण अळनावरजवळच्या एका खेड्यात राहते. सकाळी निघालं तर जेवायला तिथे, इतकं जवळ... पण अव्वा तिच्या मुलीच्या लग्नालाही गेल्या नाहीत. मावशी रुसली ती रुसलीच. आता तर ती अंथरुणावर आहे, आणि फोनवर फक्त 'हं' म्हणते.

खरं कारण मला एका दुपारी कळलं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. अव्वा मान खाली घालून म्हणाल्या, "गुडघ्याचं काही नाही गं. मला सारखं जावं लागतं. रस्त्यात कुठं जायचं बाईमाणसानं?"

एकदा धारवाडहून येताना नवनगरपाशी गाड्या अडकल्या होत्या... त्या दिवशी झालेली घालमेल त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. पूर्वी बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. मग जाणंच सोडलं.

त्यानंतर ट्रकच्या बाबतीत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. विनायकला मागच्या कोपऱ्यात सायकली ठेवायच्या होत्या. मी म्हटलं, तिथे टॉयलेट होणार. कारण सांगितलं नाही... त्यानेही विचारलं नाही. पण पुढच्या खेपेला बसूअण्णांना अव्वांची उंची सांगताना मी त्याला ऐकलं.

मग सगळं अव्वांच्या मापानं झालं. बसायची उंची, धरायला दांडा, पाय घसरणार नाही अशी जमीन. पडद्याचं कापड त्यांनी स्वतः निवडलं. बहिणीकडे जायचं ठरलं तेव्हा त्यांनी गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

तर रविवारी अव्वा नवी इरकल नेसून, बहिणीसाठी पेढ्यांचा पुडा घेऊन ट्रकच्या मागे आल्या... आणि थांबल्या.

ट्रक हा असा उंच. मागच्या दाराला लोखंडी शिडी, सरळसोट. आतलं सगळं आम्ही मापून केलं होतं... आत चढायचं कसं, ते कुणी मापलंच नव्हतं. आम्ही एवढे दिवस टणाटण चढत-उतरत होतो ना!

पेठेतले लोक जमले. समोरचे भांडीवाले म्हणाले, खुर्चीवर बसवून चौघांनी उचलू या. अव्वा त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "मी काय कापडाचा गठ्ठा आहे, उचलून आत टाकायला?"

सगळे हसले. अव्वा नाही हसल्या. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देत हळूच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. तिला सांगा, गुडघे दुखतात."

त्या घराकडे वळल्या. वाटेत आमचं दुकान. ते बंद असलं तरी अव्वा पायरीला हात लावून नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाहीत. तशा वाकल्या... आणि सिमेंटच्या पायरीवर हात तसाच ठेवून राहिल्या.

"विनू, आपली जुनी पायरी कुठं आहे रे?"

दुकानाचं नूतनीकरण होण्याआधी तिथे सागवानी पायऱ्यांची एक सुटी जोडणी होती, तिला सगळे पायरीच म्हणायचे. सकाळी गटारावरून दुकानाला लावायची, रात्री आत घ्यायची. नऊवारीतल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनाही चढता यावं म्हणून माझ्या सासऱ्यांनी तिच्या पायऱ्या बुटक्या, रुंद करून घेतल्या होत्या, बाजूला कठड्यासकट. अव्वांनी ती कधी मोडीत काढू दिली नाही... दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आजही तिला हळदकुंकू लागतं.

गोदामातून ती पायरी बाहेर आली. ट्रकला लावली तर थोडी बुटकी पडली, तेव्हा खाली दगडी फरशा सरकवल्या. बसूअण्णा ट्रकसोबत आलेच होते, त्यांनी दोरीनं ती पक्की बांधली आणि स्वतः नाचून बघितलं.

अव्वांनी आधी पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला. मग कठडा धरला. "सावकाश हत्त्री अव्वा," बसूअण्णा म्हणाले, सावकाश चढा... आणि अव्वा एकेक पायरी चढल्या. शेवटच्या पायरीवरून आत पाऊल टाकल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "आता ही पण बरोबर घ्या. उतरायला काय उडी मारू?"



धारवाड मागे पडलं, झाडी सुरू झाली. अव्वा खिडकीशी बसल्या होत्या. एकदा उठून दांड्याला धरून जाऊन आल्या, आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं परत बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पाणी दे गं." मी प्रवासातल्या माझ्या सवयीनं अर्धाच पेला भरला.

त्यांनी पेल्यात बघितलं, मग माझ्याकडे. "भरून दे."

बहिणीची भेट कशी झाली ते नाही लिहीत, ते त्या दोघींचं आहे. एवढंच सांगते, पेढ्यांचा पुडा तिथेच संपला. परत येताना मीही पेला भरून घेतला... किती वर्षांनी, प्रवासात, पोटभर पाणी.