वीसला एक कमी

लहान मुलांना फुटबॉल शिकवायला लागल्यापासून माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की ऑफिसात मैत्रिणी डबा उघडायच्या आधी विचारतात, "रविवारचं काय?" पाच ते आठ वर्षांची मुलं, एक बॉल आणि वरळीच्या बीडीडी चाळींमधलं मैदान! आणखी काय लागतं?

लागतात वीस मुलं. मैदान क्रिकेटवाल्यांचं. त्यांचे कांबळेकाका रविवारी सात ते नऊ आम्हाला देतात, पण एका अटीवर. "वर्षा, वीस पोरं दिसली पाहिजेत. वीसला एक कमी, की मैदान परत आमचं!" दर रविवारी ते स्वतः येऊन मोजतात. मीही याच चाळीतली, हट्टी. म्हटलं, मोजा!

*

सुरुवातीला ओमला डिफेन्सला उभं केलं आणि बजावलं, "काहीही झालं तरी जागा सोडायची नाही." मॅच संपली, मुलं केळी खाऊन घरी गेली. मी मैदानात मांडलेले प्लॅस्टिकचे कोन गोळा करतेय, तर ओम तिथेच!

"अरे, घरी जा ना!"

"तुम्हीच म्हणालात, काहीही झालं तरी!"

इतका शिस्तीचा डिफेंडर मला परत मिळाला नाही. बॉल मात्र दर रविवारी त्याच्या शेजारून जायचा. बॉल अडवायचा असतो, हे मी सांगायचंच विसरले होते.

*

टीम मी मुद्दाम मिसळून करते, लाल आणि पिवळी. एकदा बघते, तर लाल आर्यन पिवळ्या वेदला पास देतोय. शिट्टी मारली. "अरे, तो समोरच्या टीमचा!"

"ताई, तो आमच्या मजल्यावरचा आहे!"

शेवटी स्कोअर विचारला. लाल-पिवळं कुणी बोलेचना. "दुसरा मजला पाच, तळमजला दोन!"

*

एका आईचा फोन आला, "या रविवारी नाही जमणार, सोमवारी युनिट टेस्ट आहे." मुलगा पहिलीत! म्हटलं, "पाठवा, पाढे मी घेते." तेव्हापासून आमचा वॉर्मअप पाढे म्हणत होतो. परळच्या टीमशी फ्रेंडली मॅच होती, त्यांचा कोच बघतच राहिला.

सात-शून्य हरलो. पण साताचा पाढा बिनचूक!

*

नारळी पौर्णिमा झाली, मासळी सुरू झाली, की कोळीवाड्यातली मुलं आईबरोबर बाजारात. एका रविवारी अठराच आली. मी तडक मासळी बाजार गाठला. आमच्या टीममधल्या जुळ्यांची आई टोपलीमागे बसलेली.

"मावशी, पोरांना न्यायला आले."

"आदी बोनी कर बाय, मंग पोरा ने!"

मासे न खाणारी चाळीत मी एकटीच. तरी अर्धा किलो मांदेली घेतली आणि जुळ्यांना घेऊन धावत मैदानावर आले. काका म्हणाले, "वीस!" पिशवी मी त्यांच्याच हातात दिली. लाच नव्हती हं ती!

*

आणि मागचा रविवार. तापाची साथ होती. काका मोजत होते, "अठरा, एकोणीस, वीस. ठीक आहे."

विसावी होती सई, आर्यनची चार वर्षांची बहीण, पायात सँडल. मी हुश्श केलं, तेवढ्यात ओम म्हणाला, "काका, सई कच्चा लिंबू आहे!"

चाळीत लहान भावंडाला खेळायला घेतात, पण धरत नाहीत. ते कच्चा लिंबू. काकांचं बालपणही याच मैदानात गेलेलं.

"मग एकोणीसच," काका म्हणाले.

सगळं संपलं असंच वाटलं. मुलांनी डोकी एकत्र आणून कुजबुज केली. मग आर्यन पुढे आला. "काका, सई आजपासून पक्की!"

"पक्की म्हणजे पक्की," काका म्हणाले. "पडली, रडली, तरी बाहेर बसायचं नाही. नऊ वाजेपर्यंत खेळायचं."

तिसऱ्याच मिनिटाला सई धाडकन पडली. गुडघ्यातून रक्त, डोळे भरलेले. म्हटलं, मरू दे ते मैदान! मी धावत जाऊन तिला उचलायला लागले. "चल, बाहेर बस जरा."

तिने माझा हात झटकला.

"सोड ना ताई! मला मोजलंय!"