संगमरवराला चिंच

पेठ गावाच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्याला लागून असलेल्या वस्तीवर बुद्धविहार बांधून झालं, तेव्हा किल्ली कोणाकडे ठेवायची यावर मीटिंग बसली. मीटिंगीत जो तो कामाचा माणूस निघाला. राहिली जानकाबाई. नवरा गेलेला, मुलगा बुद्धभूषण बायकोपोरांसह भोसरीला कंपनीत. घरात ती आणि पाटा-वरवंटा.

"मावशी, तुमी काय, रिकाम्याच असता," समितीचा अध्यक्ष नवनाथ म्हणाला, आणि किल्ली तिच्या पदराला बांधली गेली. हा मान होता की शेरा, ते तिनं विचारलं नाही.

पण किल्लीमुळे एक झालं. तिच्या दारात माणसं येऊन हाका मारू लागली. "जानकामावशी, किल्ली!" कोणाला वंदनेला जायचं असे, कोणाला लग्नासाठी विहारातली सतरंजी हवी असे. एवढ्यासाठी का होईना, तिचं नाव रोज कोणाच्या तरी तोंडी येई. त्याआधी तिच्या दारापाशी थांबायला पोस्टमनलाही कारण नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली जयपूरहून पांढऱ्या संगमरवराची बुद्धमूर्ती आली. ट्रकबरोबरच्या माणसानं ती उतरवून दिली आणि तिची निगा कशी राखायची ते हिंदीतून सविस्तर सांगितलं. नवनाथ प्रत्येक वाक्याला "हां हां, मालूम है" म्हणत होता. बाया तेव्हा मागच्या बाजूला चहा गाळत होत्या.

रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ विहारात यायची. जानकाबाई रोज ओल्या फडक्यानं मूर्ती पुसायची. दगडाला अशी झिलई होती, की मूर्तीच्या उजव्या गुडघ्यात दाराची चौकट पुसट उमटायची. दारात कोणी आलं, की आधी गुडघ्यात काहीतरी हलायचं. मग ती न वळताच म्हणायची, "या, चपला भाईर काढा." लोकांना वाटायचं, म्हातारीचे कान तिखट आहेत.

पाच वर्षं बरी गेली. मग एकदा झेंडूचा ओला हार त्या गुडघ्यावर तसाच राहिला आणि पिवळा डाग पडला. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. जानकाबाईनं घरून चिंच भिजवून आणली. तांबं-पितळ चिंचेनं उजळतं, हे झालं एक. दुसरं म्हणजे हा दगड होता, आणि दगडाबद्दल तिला शिकवायला कोणी नको होतं. जन्मभर तिनं पाट्यावर चिंचेची चटणी वाटली होती. पाट्यानं कधी कुरकूर केली नव्हती. पण पाटा काळ्या दगडाचा होता. तिनं गुडघ्यावर चिंच-मीठ चोळलं, मुरायला ठेवलं, तोवर झाडलोट केली, मग काथ्यानं घासलं.

डाग निम्मा गेला. झिलई मात्र पुरती गेली. तळहाताएवढा भाग पीठ सांडल्यासारखा पांढराफटक पडला. तिनं पाणी मारून पाहिलं, खोबरेल लावलं. संध्याकाळपर्यंत चमकलं, सकाळी पुन्हा तसंच.

आता किल्ली जाणार, हे तिनं मनाशी धरलं. किल्ली गेली की हाका गेल्या.

पौर्णिमेच्या सकाळी शेजारच्यांकडे बुद्धभूषणचा फोन आला. "आई, ओव्हरटाईम लागलाय. न्हाई जमायचं."

"बरं," ती म्हणाली. पांढरं लुगडं नेसून मूर्तीजवळ बसली आणि कोण आधी बोलतं याची वाट पाहू लागली. लोक आले, वंदना झाली, खीर झाली. मूर्तीशेजारी उभं राहून फोटो निघाले. गुडघ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. दुपारपर्यंत तिला धाकधूक होती, की कोणीतरी बघेल. दुपारनंतर तिला वाटू लागलं, निदान एकानं तरी बघावं.

शेवटी खुर्च्या गोळा करणाऱ्या नवनाथला तिनंच हात धरून आणलं.

"ह्यो मूर्तीचा गुडघा बघ. म्या चिंच लावली. चमक गेली."

नवनाथनं डोळे बारीक केले. "कुठं? हां, हितं व्हय. त्यो जयपूरवाला म्हनला व्हता खरं, आंबट लावू नका, साबण नको, नुसतं पानी."

"मंग मला का न्हाई सांगितलंस?"

"लक्षात कुठं ऱ्हातंय, मावशी! लई दिसाची गोष्ट. एवढं काय नाय त्यात. ऑइलपेंट मारू की फुडच्या वर्षी. पांढराच हाय रंग."

"रंग लावायचा न्हाई!" ती एवढ्यानं ओरडली, की आवाज तिचा तिलाच नवा वाटला. "खराब केलं ते म्या. तुमी आनखी करू नगा." तिनं पदराची गाठ सोडली. "ही घे किल्ली. कुनाला द्यायची त्याला दे."

नवनाथ हसला. "ठेवा वो तुमच्याकडंच. दुसरं कोन रिकामं हाय हितं?" आणि खुर्च्या टेम्पोत चढवायला गेला.

जानकाबाईनं किल्ली पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवसापासून नुसतं पाणी आणि मऊ फडकं. पण दारात कोण आलं ते आता गुडघ्यात उमटत नव्हतं. पुसता पुसता तिला मधूनच वळून बघावं लागे. बहुतेक वेळा दारातून रस्ता तेवढा दिसायचा.