पालथा पतंग

आमच्या घरात त्याला कुणी काईट म्हणत नाही, पतंगच म्हणतात. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर तो पहिल्यांदा वाळत घातला तेव्हा सासूबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "ह्याला उडवायचं, का ह्याच्याखाली लग्न लावायचं?"

शिकायचा हट्ट नवऱ्याचा होता. त्यासाठी आम्ही गोव्याला गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा खांदा निखळला. पैसे भरलेलेच होते म्हणून त्याच्या जागी मी पाण्यात उतरले. कमरेला हार्नेस, म्हणजे जाड पट्टा बांधायचा, त्याच्या हुकात दांडी अडकवायची, दांडीपासून चार लांब दोऱ्या पतंगाला गेलेल्या, पायाखाली फळी, आणि मग वारा नेईल तसं पाण्यावरून धावायचं. चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत दिवसभर लोखंडाचे तुकडे ताणून तोडणाऱ्या मला हे जमेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण जमलं. तेव्हापासून उडवते मी, आणि नवरा काठावर उभा राहून पतंग हातात देतो आणि उतरवून घेतो.

समुद्र आपल्याकडे नाही, पण पैठणच्या धरणाचा नाथसागर आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी धरणातलं पाणी खाली गेलेलं असतं आणि पश्चिमेचा वारा मात्र दिवसभर थांबत नाही. तेवढे चार-सहा आठवडे आम्ही सुट्टीच्या दिवशी गाडी काढून तिकडे जातो.

सासूबाई कधी येत नसत. त्यांचं माहेर त्या पाण्याखाली गेलंय. गाव उठलं तेव्हा त्या परकर नेसणारी पोर होत्या. नवं गाव वर माळावर वसलं, तिथं त्या भाऊबिजेला जातात, पण पाण्याकडे फिरकत नाहीत. त्याविषयी बोलायच्याही नाहीत. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाल्या, "काय बघायचं तिथं? पाणीच हाय."

त्या दिवशी त्या आल्या, कारण त्यांच्या बहिणीच्या नातीचा साखरपुडा पैठणजवळ होता आणि परत येताना आमची वाट धरणाच्या काठानेच जाणार होती. नवरा म्हणाला, "आई, तासभर थांबू. तू गाडीतच बस." त्या बसल्या. काच वर करून घेतली आणि तोंड बाभळींकडे केलं.

वारा तेव्हा मंद होता, म्हणून मी मोठा पतंग घेतला. हलक्या वाऱ्याला मोठा आणि जोराच्या वाऱ्याला लहान, असा साधा हिशेब असतो. अर्धा तास छान गेला. मग पश्चिमेला आभाळ काळवंडलं. पाण्याचा रंग आधी बदलला, शिशासारखा झाला, आणि मी वळून काठाकडे निघायच्या आत वारा दुप्पट झाला. पहिल्याच झोताने मला फळीवरून उचलून फेकलं. पतंग डोक्यावरून पुढे गेला, दोऱ्या सैल पडल्या, आणि तो माझ्यापासून बराच पुढे, वाऱ्याच्या दिशेला, पाण्यावर पालथा आपटला. फळी कुठे गेली ते दिसलंच नाही.

पाण्यात पडलेला पतंग परत उठवता येतो. त्याच्या पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी असते, त्यामुळे तो बुडत नाही. एका बाजूची मागची दोरी धरून सावकाश ओढत राहायचं. मग पतंग कुशीवर वळतो, वाऱ्याच्या कडेला सरकतो, एक टोक वर उचलतो आणि पाणी निथळत उभा राहतो. जोराच्या वाऱ्यात फक्त एकच पथ्य पाळायचं: घाई करायची नाही. कडेला जाण्याआधी, भर वाऱ्यात उठला, तर तो माणसाला दगडासारखा भिरकावतो.

मी डावी दोरी ओढली. पतंग थोडा कलला, परत पालथा पडला. पुन्हा ओढली. लाटा तोंडावर येत होत्या. पालथ्या पतंगाच्या कापडाखाली वारा शिरायचा आणि ते फुगायचं, मग बसायचं. लांबून असं दिसत होतं की एखादं मोठं जनावर पाण्यावर पडून श्वास घेतंय. हे मी आधीही कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवेना.

मग दांडी मेली. दुसरा शब्द मला सुचत नाही. एका क्षणापर्यंत हातात ओढ होती, आणि पुढच्या क्षणी काहीच नाही, नुसती काठी. मला वाटलं दोरी तुटली. पण पतंग वाहून जात नव्हता. तो झटके देत होता, ताणत होता, सैल पडत होता. तो कुणालातरी ओढत होता, फक्त मला नाही. डावी दोरी त्याच्यापासून तिरकी येत माझ्या नि त्याच्या मधोमध पाण्यात शिरली होती, आणि तिथून खाली कुठेतरी ताठ गेली होती.

लाटांनी मला त्या जागेकडे ढकललं आणि माझा पाय टेकला.

काठ खूप लांब होता. तिथं पाय टेकायला नको होता. मी दचकून पाय वर घेतला, मग पुन्हा हळूच सोडला. खाली दगड होता, सपाट आणि घडीव, वर शेवाळ. मी उभी राहिले तर पाणी गुडघ्यापर्यंतच. चारी बाजूंना पांढऱ्या फेसाचं पाणी उसळतंय, आणि मध्ये मी उभी.

तेव्हा आवाज ऐकू आला. करकर, करकर. पतंगाने झटका दिला की यायचा, सैल पडला की थांबायचा. पाण्याने भरलेली घागर वर ओढताना रहाट करतो तसा. पायातून येत होता की कानातून, मला सांगता येणार नाही. एवढ्या वाऱ्यात तो ऐकू यायलाच नको होता.

हार्नेसवर पतंग सुटा करणारा लाल खटका असतो, तो दाबून सगळं सोडून द्यावं असं मनात आलं. छातीला तरंगणारं जाकीट होतं, कुठेतरी लागले असते. पण सोडलेल्या दोऱ्या पायात गुंतल्या तर माणूस खाली जातो, आणि ती एक दोरी तर खाली कशाला धरून बसलीय हेच माहीत नव्हतं. मी उकिडवी बसले आणि दोरीच्या अंगाअंगाने हात पाण्यात घातला. हाताला लोखंड लागलं. जाड कडी, दगडात बसवलेली. दोरी तिच्याभोवती गुंडाळली होती. एकदा नाही, दोनदा. सैल पडलेली दोरी लाटेने एखाद्या कडीत अडकते, हे समजू शकतं. दोन वेढे कसे बसले हे मला आजही समजलेलं नाही.

दोन झोतांच्या मध्ये दोरी सैल पडायची तेवढ्यातच सोडवायची होती, नाहीतर बोटं गेली असती. पहिला वेढा निघाला. दुसऱ्यासाठी मला जरा उजवीकडे सरकावं लागलं, म्हणून मी उजवा पाय दगडावरून बाजूला टाकला.

तिथं काही नव्हतं. पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि तळ आला नाही. आणि गार लागलं. उन्हाळाभर तापलेलं धरणाचं पाणी कोमट होतं, पण त्या पायाभोवतीचं पाणी इतकं गार होतं की पिंढरीत गोळा आला. ते गार पाणी स्थिर नव्हतं. खालून वर येत होतं, सावकाश, पायाला घासत.

मी पाय ओढून घेतला. किंचाळले का ते आठवत नाही. दुसरा वेढा कसा सोडवला तेही नीट आठवत नाही. एवढं आठवतं की करकर थांबली, दांडीत पुन्हा जीव आला, आणि मी पाळायचं ते पथ्य मोडून दोरी जोराने ओढली. पतंग कुशीवर वळला, टोक उचललं, पाणी झडझडून टाकलं आणि कडेला जाण्याआधीच उठला. त्याने मला त्या दगडावरून उपटून काढलं. मी पोटावर पाण्यातून घासत गेले, नाकातोंडात पाणी, पण दांडी सोडली नाही. पतंग वर स्थिर झाला आणि मला ओढत ओढत काठाकडे नेऊ लागला. आम्ही उतरलो होतो तिथून बरंच पुढे, एका चिखलाच्या दांडावर मी लागले. खटका दाबला. पतंग पडला. मी तिथंच बसून राहिले.

गाडी शेतातल्या वाटेने आली. नवरा धावत आला, आणि त्याच्यामागून, नऊवारीचा ओचा वर खोचून, चिखलातून सासूबाई. त्यांनी चपला गाडीतच सोडल्या होत्या.

"लागलं का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मला वाटलं तू बुडतेयस. मग बघतो तर उभी! मध्येच! आई गाडीतून उतरून ओरडायला लागली."

"काय ओरडत होत्या?"

सासूबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं. "खाली उतर म्हणत व्हते," त्या म्हणाल्या. "कठड्यावर नको उभी राहू म्हणत व्हते."

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"पायाखाली काय लागलं तुझ्या?"

"दगड लागला, आई. घडीव."

"कडी व्हती का?"

"होती."

"आन् एका अंगाला खोल."

मी मान हलवली. त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "आमची हीर हाय ती. देवळाच्या रेघेत, त्या टेकडीच्या समोर. म्या वळखली. तू हिरीच्या कठड्यावर उभी व्हतीस."

नवऱ्याने मला हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "चला, आता घरी जाऊ." पण सासूबाई हलल्या नाहीत.

"खोल कसं लागलं पण?" त्यांनी मला विचारलं. आवाज बारीक झाला होता. "ती हीर तर बुजवली व्हती. गाव सोडायच्या आधी. बैलगाड्यांनी दगड आणून टाकले, कठड्यापर्यंत. माझा आजा म्हणला, उघडी हीर मागं सोडून जायचं नाय. म्या सोता बघितलं. म्या बी दगड टाकलेत त्यात."

वाऱ्याने चिखलातला पतंग फडफडत होता, तो नवऱ्याने गुडघ्याने दाबून धरला. करकर आवाजाचं मी तेव्हा सांगितलं नाही. गाडीत सांगितलं नाही, घरीही नाही. त्यांना बघून सांगवेना.

दुसऱ्या वर्षी पाणी फार खाली गेलं. वैशाखात सासूबाईंनीच विषय काढला. "चला, बघून येऊ," म्हणाल्या, जणू भाजी आणायला जायचंय.

भेगाळलेल्या काळ्या गाळातून आम्ही बराच वेळ चाललो. गुडघाभर उंचीच्या भिंती दिसायला लागल्या तशा त्या पुढे झाल्या. कुणाला न विचारता, कुठे न थांबता, रोज जात असल्यासारख्या. इथं पार होता. इथं सोनाराचं घर. ह्या बोळात मला कुत्रं चावलं होतं. त्या हसत होत्या. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मग विहीर आली. घडीव दगडांचा कठडा, गाळात अर्धा रुतलेला. एका दगडात जाड कडी, गंजून फुगलेली. आणि आत काठोकाठ दगड भरलेले. त्यांच्या फटींत गाळ घट्ट बसला होता आणि वर वाळकं गवत उगवलं होतं. नवरा मधोमध जाऊन उभा राहिला आणि टाच आपटून बघितली. ठणठणीत.

"बाहेरच्या अंगाला मोटेचा उतार असेल," तो म्हणाला. "तुझा पाय तिकडे गेला असेल."

"मोटेच्या बैलांची धाव त्या अंगाला हाय," सासूबाईंनी लांब, कडीच्या अगदी पलीकडच्या बाजूला हात केला. "हितं नाय."

मी कठड्यावर चढले, कडीजवळ, वाऱ्याकडे पाठ करून, तशीच. उकिडवी बसले. कडीला हात लावला. मग उजवा पाय बाजूला टाकला. पाय दगडांवर टेकला. उन्हाने तापलेले, टणक, जागच्या जागी बसलेले दगड.

"आई," मी म्हणाले, "तेव्हा इथं तळ नव्हता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दगडांकडे. "नसंल," त्या म्हणाल्या. नंतर आम्हाला घेऊन आपल्या घराच्या जागेवर गेल्या, उंबऱ्याच्या दगडावर बसल्या आणि दशम्या सोडल्या. आम्ही तिथं जेवलो.

परतताना नवरा गाडीत समजावून सांगत होता. त्या साली पाणी वेगळं असेल, दगड खचले असतील, मग वर्षभरात गाळ भरला असेल, एखादा जिवंत झरा असेल. सासूबाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या. मला त्याचं पटतं. घरात, दिवसा, चहा पिताना तर पूर्ण पटतं. पण पाण्यात उतरले आणि वाऱ्याने दोऱ्या वाजायला लागल्या की पटत नाही. म्हणून टेकडी समोर दिसायला लागली की मी फळी वळवून घेते. बाकी सगळीकडे जाते.