तोडून तोडून भरलेलं गाणं

पन्नाशीत संगणकाची परीक्षा पास झाले, तेव्हा एकोडीत माझ्याएवढी शहाणी बाई नव्हती. निदान मला तरी दुसरी दिसत नव्हती.

सासूबाई रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी म्हणायच्या. वयामुळे त्यांचं चिखलात उतरणं सुटलं, तेव्हा मी त्यांना खाटेवर बसवून गाणी मोबाईलमध्ये भरली आणि संगणकात ठेवली. सरळ ठेवीन तर पास झाल्याचा उपयोग काय? प्रत्येक ओळीची वेगळी फाईल, तिला वेगळं नाव. सासूबाई वैतागल्या. "गाणं असं तोडून तोडून काहून भरतेस वो?"

मी हसले. यांना काय कळतं, असं ते हसणं होतं.

पुढे त्या देवाघरी गेल्या. मोबाईल भाताच्या बांधीतल्या पाण्यात पडून गेला. मग संगणकही आतून कटकट वाजू लागला. साकोलीचा दुकानदार म्हणाला, डिस्क जायला आली, जे असेल ते काढून घ्या. मी पेनड्राइव्ह लावला. आधी झरझर भरायचा, आता मुंगीच्या चालीनं. जाऊबाईच्या संगणकात नवी सिस्टीम आली म्हणून मीही नुकतीच हौसेनं टाकून घेतली होती, पण तिच्यावर मला संशय कसा येईल? पेनड्राइव्हवर फुंकर मारली, पदरानं पुसला, भोक बदललं. शेवटी यष्टीनं भंडाऱ्याला जाऊन नवा आणला. तोही तसाच. आत कटकट वाढतच होती.

तेव्हा कुठे नागपूरच्या जावयांना फोन केला.

"आई, पेनड्राइव्हले काही नाही झालं. नव्या सिस्टीमनं सेटिंग बदलवली. आता ते एकेक फाईल पुरी लिहिते, मंगच दुसरीले हात लावते. लहान लहान फाइली लई हायेत काय?"

"ओळीगणिक एक," मी म्हणाले.

त्यांनी सांगितली तशी सेटिंग फिरवली. आता मशीन एकदा बंद करून चालू करा, म्हणाले. बंद केलं. ते पुन्हा चालू झालं नाही. भंडाऱ्याच्या दुकानातही नाही.

मुंगीच्या चालीनं जेवढं आलं होतं, तेवढंच राहिलं. शेवटच्या फाईलीत सासूबाई म्हणतात, "माहेरच्या बोडीवर", आणि थांबतात. जाऊबाई म्हणते, तळं आलं की पुढे बगळा आहे. शेजारीण म्हणते, भाऊ आहे. दोघी ठाम. सासूबाईंनी दोघींनाही हाकललं असतं.

इतके रोवणे मी त्यांच्याच बाजूला वाकून केले. दुपारी ते गाणं लावते. बोडीपर्यंत सोबत म्हणते, आणि मग तोंड उघडं ठेवून बसून राहते.